पटलं की पुसायचं

“पुस की गं शालन आता! साडेबारा वाजले. पोटात कावळे ओरडायला लागलेत आमच्या.”

बाबासो चौगुले मागच्या बाकावरून बोंबलला तेव्हा मी फळ्याजवळ खडू घेऊन उभा होतो. छाती बाहेर, मान ताठ. जणू काय ते प्रमेय मीच शोधून काढलं होतं. फळाभर माझं अक्षर होतं, एक खाडाखोड नव्हती, आणि पहिल्या बाकावर शालन डाके डस्टर पुढ्यात घेऊन गप्प बसली होती.

डस्टर तिच्या पुढ्यात का होतं ते आधी सांगतो, नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. इचलकरंजीच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणित घेतलेले आम्ही सहा जण होतो. त्यातल्या चौघांनी गणित घेतलं होतं ते केवळ त्यात प्रॅक्टिकल नसतं म्हणून. शिकवायला अष्टेकर सर. साठीला टेकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की लहान पोरासारखे घाबरणारे. सगळं तोंडपाठ शिकवायचे, फळ्यावर हातभर अक्षर काढायचे आणि ओळ वाकडी गेली की स्वतःच हसायचे.

दर शनिवारी सरांचा सेमिनार असायचा. एकानं वही न घेता फळ्यावर उभं राहून एक प्रमेय सिद्ध करून दाखवायचं. आणि नियम असा, की लिहिणाऱ्यानं फळा पुसायचा नाही. ज्याला पटलेलं नाही त्यानं डस्टर आपल्या बाकावर घ्यायचं आणि विचारायचं. पटलं की त्यानंच उठून फळा पुसायचा. तोवर कुणी घरी जायचं नाही, सरांनीसुद्धा.

“मला फळा दिसत नाही रे,” सर म्हणायचे. “तुमची तोंडं पण धड दिसत नाहीत. डस्टरचा आवाज तेवढा ऐकू येतो. पटलं की पुसायचं. पटल्याशिवाय पुसलं तर गणितात त्याच्याएवढं पाप नाही.”

त्या शनिवारी डस्टर शालननं घेतलं होतं. तिला एका ओळीवर शंका होती.

“सर, सातव्या ओळीत ह्यानं ‘उघड आहे’ असं लिहिलंय,” ती म्हणाली. “ते कसं उघड आहे?”

शालनचा आवाज मोठा होता. तिच्या वडिलांनी घरातच चार माग टाकले होते, चोवीस तास खटखट. मागाजवळ वाढलेली माणसं अशीच बोलतात, साधं पाणी मागितलं तरी भांडल्यासारखं वाटतं. तिनं ‘का’ विचारलं की व्हरांड्यातून जाणारा माणूसही थबकायचा.

तिची शंका काय होती ते सांगतो. अवघड नाही, घाबरू नका. समजा, फळ्यावर एक रेघ काढली, खडू न उचलता. तिच्या खाली दुसरी काढली, तीही खडू न उचलता. मग तिसरी, चौथी. अशा रेघांमागून रेघा एका शेवटच्या रेघेच्या जवळजवळ चालल्यात. तर ती शेवटची रेघसुद्धा खडू न उचलता काढता येईल का? मी फळ्यावर लिहिलं होतं की येईल, उघड आहे.

“प्रत्येक रेघ अखंड आहे ना?” मी म्हणालो. “मग त्या जिच्याकडं चालल्यात ती पण अखंडच असणार. ह्यात सांगायचं काय?”

“पण का?”

“का म्हणजे? दिसतंयच की.”

“मला दिसत नाही. ताण्यातला एकेक उभा दोरा आम्ही तपासून घेतो, एकेक धडका असतो. तरी कापड कुठंतरी फाटकं निघतंच की. इथं निघणार नाही कशावरून?”

आता खरं सांगतो. मला उत्तर येत नव्हतं. मी ते प्रमेय ओळीनं पाठ केलं होतं. माझी सगळी हुशारी पाठांतराची होती, प्रूफं मला आरतीसारखी पाठ व्हायची. पहिली ओळ सुरू झाली की शेवटची आपोआप यायची. आणि मध्येच पाठांतर तुटलं, तर आम्हा गणितवाल्यांची एक युक्ती असते. तिथं ‘उघड आहे’ असं ठोकून द्यायचं आणि पुढची ओळ धरायची. पेपर तपासणारा ती ओळ वाचतो, मान हलवतो आणि पुढं जातो. दोन वर्षं मी ह्या युक्तीवर पहिला येत होतो. त्या दिवशी सहाव्या ओळीनंतर मला काय ते आठवेना. मी ‘उघड आहे’ लिहिलं आणि आठवीवर उडी मारली.

मला कबूल करता आलं असतं की सर, इथं अडलोय. पण त्याच आठवड्यात चिठ्ठी निघणार होती.

पुण्याला दिवाळीच्या सुट्टीत गणिताच्या पोरांचं तीन आठवड्यांचं शिबिर भरायचं. कॉलेजातून एकच मुलगा घ्यायचे, तोही प्राध्यापकांच्या चिठ्ठीवर. तिथं जो चमकेल त्याला एम.एस्सी.ला बोलावणं यायचं, राहण्याखाण्यासकट. आमच्यात चिठ्ठीला लायक दोघंच, मी आणि शालन. मार्कांत मी पुढं होतो. सरांच्या मनात कोण होतं हे मात्र मला ठाऊक होतं. शालननं ‘का’ विचारलं की सर खुर्चीत पुढं सरकून बसायचे. माझ्या प्रूफाला ते “छान” म्हणायचे आणि मागं टेकायचे. हे मला दोन वर्षं सलत होतं.

त्या क्षणीही सर पुढं सरकले होते. “सांग सुकुमार,” ते म्हणाले. “काय म्हणतीय ती?”

 मग मी काय केलं? हसलो. वर्गाकडं तोंड केलं आणि म्हणालो, “शालन, हे गणित आहे बाई. तुझ्या घरचा माग नव्हे, दोरा तुटायला.”

बाबासो खो खो हसला. त्याच्यामागनं बाकीचे. हसण्यानं मला जोर चढला.

“आता सूर्य उगवलाय हे पण सिद्ध करून दाखवू काय तुला? सगळ्यांना दिसतंय. विचार की ह्यांना. बाबासो, तुला दिसतंय का नाही?”

“लख्ख दिसतंय!” बाबासो म्हणाला. त्याला भुकेपलीकडं काही दिसत नव्हतं.

“बघ. सगळ्यांना दिसतंय ते तुला एकटीला दिसत नाही, त्याला मी काय करू?”

शालन फळ्याकडं बघत राहिली. मान कधी इकडं, कधी तिकडं कलती करून, पोरं लपलेलं चित्र शोधतात तशी. तिला खरंच वाटायला लागलं होतं की तिथं काहीतरी आहे आणि तिलाच दिसत नाही. मी हे बघत होतो. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग ती उठली, डस्टर घेतलं आणि फळा पुसायला लागली. वरपासून खालपर्यंत, सावकाश. सातवी ओळ तिनं सगळ्यात शेवटी पुसली.

“पटलं ना शालन?” सरांनी विचारलं.

“होय सर.”

इतक्या बारीक आवाजात ती बोलू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

पोरं उठली, डबे वाजले, सगळे पांगले. मी जिंकलो होतो. घरी जाताना मी शिट्टी वाजवत गेलो, हे मला आजही आठवतं आणि आजही माझं मलाच तोंडात मारावंसं वाटतं.

त्या संध्याकाळी मी सेमिनारची वही घेऊन बसलो. प्रूफ पक्क्या वहीत उतरवायचं असायचं. सातव्या ओळीशी आलो आणि हात थांबला. म्हटलं, उघड आहे तर दोन ओळींत कारण लिहून टाकू, म्हणजे उद्या कुणी विचारायला नको. लिहायला लागलो. जमेना. पुन्हा लिहिलं. आई म्हणाली, “सुकुमार, दिवस मावळायच्या आत जेवून घे,” तर मी “भूक नाही” म्हणालो. मग आकृती काढून बघू म्हटलं. शून्यापासून एकपर्यंत एक आडवी रेघ घेतली आणि तिच्यावर सगळ्यात साधी रेघ काढली, एक्स. मग एक्सचा वर्ग. मग घन. मग चौथा घात.

एकाहून लहान आकडा स्वतःशीच गुणत गेलं की तो झिजत जातो. अर्ध्याचा पाव होतो, पावाचा त्याहून कमी. त्यामुळं प्रत्येक नवी रेघ आधीच्यापेक्षा जास्त खाली बसत होती. फक्त शेवटच्या टोकाला एक होता, आणि एक कितीही वेळा गुणला तरी एकच राहतो. पाचवी रेघ, सहावी, दहावी. प्रत्येक अखंड. आणि ज्या रेघेकडं त्या चालल्या होत्या ती जमिनीला चिकटून सरळ येत होती आणि अगदी शेवटच्या टोकाला टुणकन एकावर उडी मारत होती.

तिथं खडू उचलावाच लागत होता.

 शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट, पाच मिनिटांचं काम. शालन बरोबर होती. नुसती बरोबर नाही, तिनं बोट नेमकं जिथं ठेवलं होतं तिथंच फाटलं होतं. मूळ पुस्तकात त्या ओळीत एक जादा अट होती. रेघांनी सगळीकडं एकाच बेतानं जवळ यायला पाहिजे, अशी. पाठ करताना तेवढीच माझ्या डोक्यातून गळली होती. सरांना फळा दिसत नव्हता, ती अट तिथं असेलच असं ते धरून चालले होते.

मी ती आकृती एका कागदावर नीट काढली, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. उद्या सकाळी सरांकडं जायचं आणि सांगायचं, असं ठरवलं. देवाशपथ ठरवलं होतं.

रविवारी सकाळी गेलोही. सर ओसरीवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “बरं झालं आलास. बोलावणारच होतो. कपाटातनं कॉलेजचा छापील कागद घे आणि बस. शिबिराची चिठ्ठी लिहायचीय. मला आता ओळ सापडत नाही, मी सांगतो, तू लिही.”

मी कागद घेतला, बसलो.

“नाव कुणाचं घालू, सर?”

 सर म्हणाले, “खरं सांगू? कालपर्यंत शालनचं घालणार होतो. तुला वाईट वाटेल, पण खरं ते खरं. तुझी बुद्धी चपळ आहे. तिची हट्टी आहे. गणिताला हट्टी लागते. काल तिनं डस्टर घेतलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी सापडलंय हिला. मी कान टवकारून बसलो होतो.” ते हसले. “पण पुसलं तिनं. म्हणजे शंका पोकळच होती. आणि तू तिथं डगमगला नाहीस. लिही, तुझंच नाव लिही.”

कागद माझ्या खिशात होता. छातीला टोचत होता म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण टोचत होता. दोन वाक्यांचं काम होतं. सर, ती बरोबर होती, हे बघा. नाही तर नुसतं, सर, थांबा.

 मी माझं नाव लिहिलं. माझ्या हातानं.

सर इंग्रजीत सांगत गेले, मी लिहीत गेलो. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. पाठांतर माझं चांगलंच होतं. ‘हा विद्यार्थी आपल्या सिद्धतेतली एकही पायरी कारणाशिवाय सोडत नाही.’

“लिहिलंस?” सर म्हणाले. “आता सही कुठं करायची तिथं बोट ठेव.”

मी बोट ठेवलं. सरांनी माझ्या बोटाला अंगठा टेकवून जागा ओळखली आणि सही केली.

सोमवारी सायकल स्टँडवर शालन माझी वाट बघत उभी होती. जवळपास कुणी नाही असं बघून पुढं आली.

“सुकुमार, चिठ्ठी तुला मिळाली म्हणे. चांगलं झालं.” खरंच चांगलं झालं असं वाटून ती बोलत होती. “एक विचारू? ती सातवी ओळ मला सांगशील? वर्गात नको, हसतात सगळे. दोन दिवस बघतीय, मला नाहीच दिसत. उघड आहे म्हणजे मला का दिसत नाही? तू एकदा सांग, मी परत विचारणार नाही.”

शर्ट तोच होता. कागद खिशातच होता.

“पुस्तकात आहे की,” मी म्हणालो.

“कुठल्या?”

“लायब्ररीत बघ.” मी कुलूप काढायला खाली वाकलो, म्हणजे तिच्याकडं बघायला नको. “आणि शालन, काहींना दिसतं, काहींना नाही दिसत. वाईट वाटून घेऊ नकोस. गणित सगळ्यांसाठी नसतंय.”

ती “बरं” म्हणाली. एवढंच.

दिवाळीत मी पुण्याला गेलो. शिबिराच्या पहिल्याच सकाळी एका तरुण बाईंनी फळ्यावर एक्स, एक्स वर्ग, एक्स घन काढलं आणि विचारलं, “शेवटची रेघ अखंड आहे का?” मी पहिला हात वर केला. “नाही,” म्हणालो, आणि कारणही सांगितलं. बाईंनी शाबासकी दिली. ती शाबासकी कुणाची होती हे मला एकट्याला माहीत होतं.

सुट्टी संपवून आलो तर पहिला बाक रिकामा. बाबासो म्हणाला, “शालन यायची बंद झाली. घरच्या मागावर बसलीय. बाप म्हणतोय माग विकतो पण पोरीला शिकवतो, तर हीच नको म्हणतीय. म्हणे उघड दिसणाऱ्या गोष्टी मला दिसत नाहीत, उगं वर्ष कशाला घालवू.” तो माझ्याकडं बघत राहिला. “आपण जरा जास्तच हसलो काय रे त्या दिवशी?”

“छे,” मी म्हणालो.

जानेवारीत सरांनी तोच धडा वर्गात घेतला. शिकवता शिकवता मध्येच थांबले आणि माझ्या बाकाच्या दिशेला तोंड करून म्हणाले, “सुकुमार, तुझ्या त्या सेमिनारात ही पायरी होती की. तू कशी केली होतीस रे? अट घेतली होतीस ना?”

फळा पाच महिन्यांपूर्वी पुसलेला होता. पुरावा कुठं होता? पक्क्या वहीत मी त्याच संध्याकाळी अटीसकट ओळ लिहून ठेवली होती.

“होय सर, घेतली होती.”

“मग शालन कशाला अडली होती?” सर स्वतःशीच पुटपुटले.  बाबासो वहीत डोकं घालून बसला होता. पुढं सरांनी ऑपरेशन करून घेतलं, त्यांना चांगलं दिसायला लागलं, पण मी नंतर त्यांच्या डोळ्यांसमोर फारसा गेलो नाही.

मी एम.एस्सी. झालो. त्याच कॉलेजात लागलो, विभागप्रमुख झालो. आमच्या सेमिनारची तीच चौदा नंबरची खोली, तोच फळा, रंग तेवढा दोनदा दिलेला. शनिवारचा सेमिनार मी बंद केला. पोरांना वेळ नसतो, असं कारण दिलं.

शालन परत दिसली ती अठ्ठावीस वर्षांनी. जून महिना, पहिल्या वर्षाचे प्रवेश चालले होते, आणि गर्दी म्हणून मला चौदा नंबरच्या खोलीत टेबल टाकून बसवलं होतं. शेवटचे दोघंच राहिले होते. एक मुलगी आणि तिची आई. मी नुसता फॉर्म बघत होतो. “सर, हिला गणित देऊ नका,” असा दणदणीत आवाज आला आणि मी मान वर केली.

केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. आवाज तोच.

“ओळखलं नाही सर? मी शालन डाके. आता रोजे.”

“ओळखलं,” मी म्हणालो. 

“ही माझी स्वरांजली. गणितच घेणार म्हणून हटून बसलीय. म्हटलं चल, सरांनाच विचारू. ते माझ्या वर्गात होते, त्यांना ठाऊक आहे आपल्यात गणिताचं डोकं नाही ते.”

“आई, मला अठ्ठ्याण्णव आहेत गणितात,” मुलगी कुरकुरली.

“असूदेत. जा, मार्कलिस्टाची झेरॉक्स काढून आण.” मुलगी पाय आपटत गेली. शालन खुर्ची ओढून बसली आणि माझ्याकडं वाकून म्हणाली, “मार्कांचं काही नाही हो सर. पण हिचं पण माझ्यासारखंच आहे. प्रत्येक गोष्टीत का, का, का. सगळ्यांना दिसतं ते हिला दिसत नाही. मी लहानपणापासून सांगत आले, बाई, उघड गोष्ट विचारायची नसते, लोक हसतात. माझं झालं ते झालं. ती हसं करून घ्यायला नको. तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल.”

फॉर्म माझ्यापुढं होता. विषयाची जागा कोरी होती. मी नुसतं ‘बरं’ म्हणालो असतो तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. बोलायचं न ठरवताच मी उठलो, खडू घेतला आणि फळ्याशी गेलो.  आडवी रेघ काढली. एक्स काढला. वर्ग. घन. चौथा घात.

“शालन, बघ जरा. प्रत्येक रेघ अखंड आहे. आता ह्या चालल्यात कुठं?”

ती उठून पहिल्या बाकाजवळ आली. मान कलती केली. मोजून अर्धं मिनिट लागलं तिला. एवढी वर्षं मागावर घालवलेल्या बाईला अर्धं मिनिट.

“टोकाला तुटतीय की,” ती म्हणाली. मग थांबली. माझ्याकडं न बघता फळ्याकडंच बघत म्हणाली, “सातवी ओळ.”

“होय.”

“म्हणजे मी बरोबर होते.”

“होय.”

 तिनं विचारलं, आणि ह्या वेळी ती ‘तुम्ही’ विसरली.

“तुला कधी कळलं?”

खोटं अगदी ओठांवर तयार होतं. जानेवारीत, सरांनी शिकवलं तेव्हा. तू तोवर गेली होतीस. ऐकायला किती बरं वाटलं असतं! दोघांनाही.

“त्याच दिवशी,” मी म्हणालो. “संध्याकाळी.”

“सायकल स्टँडवर मी विचारलं तेव्हा...”

“हीच आकृती कागदावर काढून खिशात ठेवलेली होती. शालन, माझं चुकलं. मला...”

तिनं हात वर करून मला थांबवलं. रागानं नाही. गडबडीत कुणी मध्येच बोलायला लागलं की आपण हात करतो तसा. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, आणि पुन्हा त्या रेघा बघायला लागली. मी फळ्याशी उभा होतो, मान खाली घालून. पन्नाशीला आलेला माणूस, चार पुस्तकांवर नाव असलेला.

मुलगी झेरॉक्स घेऊन आली. “आई, झालं. गणित नाही म्हणजे आता कॉमर्सचीच रांग ना?” मग तिचं लक्ष फळ्याकडं गेलं. “हे काय? शेवटी अशी उडी का मारतायत ह्या रेघा?”

“का,” शालन म्हणाली. नुसताच शब्द उच्चारून बघितल्यासारखं. मग माझ्या हातातला खडू घेतला. “ये इकडं. बघ, हा दोरा धडका आहे. हा पण धडका. आता नीट बघ.” आणि तिनं पोरीला सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, इतक्या मोठ्या की व्हरांड्यातला शिपाई डोकावून गेला. अशी नीट फोड मी उभ्या जन्मात वर्गात केली नाही. पोरीचे डोळे मोठे होत गेले. सांगून झाल्यावर शालननं टेबलावरचा फॉर्म ओढला, माझंच पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं, ‘गणित’.

स्वरांजलीनं डस्टर उचललं. “पुसू आई?”

“नको.”

“अगं, समजलं की मला. तुला पण समजलंय.”

“गणित समजलं,” शालन म्हणाली. “बाकीचं मला अजून पटलेलं नाही.”

तिनं पोरीच्या हातातून डस्टर घेतलं आणि पहिल्या बाकावर ठेवलं, जिथं ती बसायची तिथं. मग दोघी गेल्या. जिन्यावरून खाली उतरतानाही शालनचा आवाज येत होता.

संध्याकाळी शिपाई कुलूप घेऊन आला. “सर, फळा पुसू? बंद करायचंय. घरी जायचं नाही का?”

फळा पुसेपर्यंत सरांनीसुद्धा घरी जायचं नाही, तो नियम मला अजून पाठ होता. मी म्हणालो, “तू जा.”